ट्राइक : उड्डाणातील धोके आणि संरचनेच्या मर्यादा

ट्राइक हे मायक्रोलाइट वर्गातील, भार सरकवून चालवायचे विमान. वर हँग ग्लायडरच्या धर्तीचा कापडी पंख आणि त्याच्या मधल्या नळीला एका बोल्टने टांगलेली तीन चाकांची गाडी, एवढीच त्याची रचना. गाडीत आसने आणि मागच्या बाजूला इंजिन-पंखा असतो. फ्रान्सिस व गर्ट्रूड रोगॅलो यांना १९५१ मध्ये अमेरिकेत लवचीक पंखाचे पेटंट मिळाले. हा पंख त्याच वंशातला. ट्राइकला शेपूट नसते, सुकाणू नसते. वैमानिक हातातला आडवा दांडा ढकलतो, त्यामुळे टांगलेला भार पंखाच्या तुलनेत सरकतो आणि विमान वळते किंवा नाक वरखाली करते. दांडा पुढे ढकलला की नाक वर, ओढला की वेग वाढतो. नेहमीच्या विमानाच्या हे नेमके उलट असल्यामुळे तेथे मुरलेला वैमानिक घाबरल्या क्षणी चुकीची हालचाल करू शकतो.

कापड फाटेल, तार तुटेल ही पाहणाऱ्याची पहिली भीती. ती निराधार नाही, पण मूळ धोका तिथे नाही. भार सरकवून नियंत्रण करायचे तर तो भार पंखाला खाली ओढत असला पाहिजे. झोक्यावर बसलेल्याचे वजन क्षणभर नाहीसे झाले तर दोर सैल पडतो, तसे येथे होते: भार शून्यावर आला की दांडा हलवून काहीच साधत नाही. म्हणूनच अनेक ट्राइकांसाठी धन भाराची मर्यादा साधारण ४ जी असते आणि ऋण भार मात्र वर्ज्य असतो. नाक फार वर उचलून वेग गमावला, तर विमान मागे घसरते, मग नाक झटक्यात खाली कोसळते. अशा वेळी फिरणे थांबवायला शेपूट नसल्याने ट्राइक नाकावरून कोलांट्या घेऊ लागते. ‘टंबल’ म्हणतात तो हाच प्रकार. एकदा तो सुरू झाला की सावरण्याची खात्रीची युक्ती नाही. बहुधा पंखच मोडतो. कसरती वर्ज्य आणि कलंडण्याची मर्यादा सहसा ६० अंश, हे नियम त्यातूनच आले. घट्ट वळणात स्वतःच्याच पंखामागची भोवऱ्यांची हवा कापणेही धोक्याचे.

सामग्रीचे प्रश्न त्यामानाने सोपे, कारण ते तपासता येतात. पॉलिएस्टरचे कापड उन्हातल्या अतिनील किरणांनी कमकुवत होते. सुई टोचून ठरावीक ताण देत त्याची व शिवणीची परीक्षा करतात. टांगणीचा बोल्ट, तारांची टोके आणि नळ्या यांना धातुथकवा येतो. पंखा मागे असल्याने खिशातून निसटलेला हातमोजा किंवा कॅमेरा थेट त्याच्या पात्यांत जातो. ही किरकोळ वाटणारी बाब किरकोळ नाही. दोन-स्ट्रोक इंजिन केव्हाही बंद पडू शकते, असे निर्मातेच बजावतात. म्हणून उतरता येईल अशी जागा नेहमी नजरेत ठेवावी लागते.

यावर आक्षेप घेतला जातो की १९९८ मध्ये ब्रायन मिल्टन यांनी ट्राइकने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि २००४ मध्ये रिचर्ड मेरेडिथ-हार्डी यांनी ती एव्हरेस्टवरून नेली. मग तिला नाजूक कसे म्हणावे? ती नाजूक नाहीच. पण या उड्डाणांतून सिद्ध होतो तो धन भाराखालचा टिकाऊपणा. भारहीन अवस्थेबद्दल त्यांतून काही कळत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अपघात घडवतो तो वैमानिक, रचना नव्हे. बऱ्याच अंशी हे खरे आहे. तरी शेपटीच्या विमानात जी चूक निस्तरता येते ती येथे निस्तरत नाही, आणि दुपारची तापलेली, खवळलेली हवा कोणाची चूक नसतानाही पंखावरचा भार काढून घेऊ शकते. पंखाच्या मागच्या कडेला दिलेला वरचा बाक आणि तो टिकवणाऱ्या दोऱ्या यांमुळे १९७० च्या दशकातील हँग ग्लायडरांचे सुळकी मारून कोसळणे पुष्कळ कमी झाले. मात्र आधुनिक पंखही टंबलपासून सर्वस्वी मुक्त नाहीत. रॉकेटने उघडणारी हवाई छत्री हा तिसरा आधार. तिला उंची लागते, आणि वेगाने फिरणाऱ्या ट्राइकवर तिचे दोर गुंडाळले जाण्याची भीती असते.

त्यामुळे पहाटेची स्थिर हवा ही ट्राइकची खरी वेळ. प्रवाशाने बसण्यापूर्वी मर्यादांची पाटी वाचावी आणि हवेत गंमत दाखवण्याचे आश्वासन देणाऱ्या वैमानिकाला सरळ नकार द्यावा.