मधुमेहाचे चुकलेले नाव

चाळिशी गाठलेल्या एखाद्या गृहस्थास मधुमेह झाल्याचे कळते. वय पाहून डॉक्टर त्यास दुसऱ्या प्रकारचा मधुमेह म्हणतात, गोळ्या देतात, पथ्य सांगतात. गृहस्थ भात कमी करतो, चहातील साखर सोडतो, पहाटे उठून तासभर चालून येतो. पहिले काही महिने बरे जातात. पुढे मात्र रक्तातील साखर चढत जाते आणि अंगावरचे कपडे सैल होऊ लागतात. घरची माणसे म्हणतात, 'चोरून काहीतरी खात असाल.' हळूहळू त्याला स्वतःचाच संशय येऊ लागतो. वर्षा-दोन वर्षांनी कोणी जाणता डॉक्टर रक्ताची निराळी तपासणी करवितो आणि उलगडा होतो की, रोगाचे नावच चुकले होते. हा पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे. आता इन्शुलिनची सुई घ्यावयाची, आणि ती जन्मभर.

अशा वेळी मनात दोन प्रश्न उभे राहतात. हे आधी का कळले नाही? आणि सुई लागली, म्हणजे शेवट जवळ आला काय? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे वैद्यकाच्या इतिहासात आहेत. तीच आज आपल्यापुढे मांडावयाची आहेत.

मधुमेह एकाच जातीचा नाही, ही जाण आपल्या देशात फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन भेद सांगितले आहेत : एक जन्माबरोबर येणारा आणि दुसरा अपथ्यामुळे होणारा. पहिल्याचा रोगी कृश, रुक्ष, थोडे खाणारा आणि तहानेने व्याकुळ. दुसऱ्याचा रोगी स्थूल, बहुभोजी आणि बैठ्या सवयीचा. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लान्सरो या फ्रेंच वैद्यानेही कृशांचा मधुमेह आणि स्थूलांचा मधुमेह असा भेद केला. निरीक्षण मार्मिक होते. परंतु त्यातूनच रोग्याचे वय आणि अंगकाठी पाहून रोगाचे नाव ठरविण्याची सवय वैद्यकास जडली. सवय बहुधा उपयोगी पडे, म्हणूनच तिची चूक लवकर ध्यानात आली नाही.

१९२० साली लंडनमध्ये रॉबर्ट लॉरेन्स हे अठ्ठावीस वर्षांचे तरुण डॉक्टर कानामागच्या हाडावरील शस्त्रक्रियेचा सराव करीत होते. हाडाचा कपचा उडून डोळ्यात गेला आणि डोळा चिघळला. त्या निमित्ताने तपासणी झाली, तेव्हा त्यांना मधुमेह असल्याचे आढळले. त्या काळी या रोगावर उपासासारखे कडक पथ्य हाच उपाय होता, आणि त्याने मरण फक्त थोडे लांबत असे. लॉरेन्स स्वतः डॉक्टर असल्याने त्यांना आपले भविष्य कोणी सांगावयास नको होते. आपल्या घरच्यांच्या डोळ्यांदेखत मरू नये, म्हणून ते इटलीतील फ्लॉरेन्स नगरीत जाऊन राहिले आणि तेथील इंग्रज वस्तीत वैद्यकी करू लागले.

इकडे कॅनडातील टोरांटो विद्यापीठात १९२१ च्या उन्हाळ्यात बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांच्या स्वादुपिंडातून एक अर्क काढला. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलास त्याची पहिली सुई देण्यात आली. तिचा गुण फारसा दिसला नाही. कॉलिप यांनी अर्क अधिक शुद्ध केला. २३ जानेवारीस पुन्हा सुई दिली, तेव्हा मुलाच्या रक्तातील साखर झपाट्याने उतरली. हेच ते इन्शुलिन.

१९२३ साली लंडनमधील एका सहकाऱ्याचे पत्र लॉरेन्स यांना आले : इन्शुलिन हाती आले आहे, गुण येतो आहे, ताबडतोब परत या. तोवर लॉरेन्स यांची प्रकृती पुरती खालावली होती. तशाही स्थितीत मोटारीने युरोप ओलांडून ते लंडनला पोहोचले, आणि ३१ मे १९२३ रोजी त्यांनी पहिली सुई घेतली. त्यानंतर हा मनुष्य पंचेचाळीस वर्षे जगला, संसार केला आणि सहस्रावधी रुग्णांना जगावयास शिकविले. १९२५ मध्ये त्यांनी मधुमेहींच्या जीवनक्रमावर पुस्तक लिहिले. शरीरश्रम केल्यावर इन्शुलिन अधिक प्रभावी ठरते, याचा त्यांनी अभ्यास केला. किती खाल्ले असता किती सुई, हा हिशेब सामान्य माणसास जमावा म्हणून खाद्यपदार्थांची सोपी मापे बसविली. सुई हा शेवट मानणाऱ्यांनी लॉरेन्स यांचे चरित्र आठवावे. त्यांचा खरा आयुष्यक्रम सुईनंतरच सुरू झाला.

१९३४ साली एच. जी. वेल्स या ख्यातनाम लेखकासह लॉरेन्स यांनी मधुमेहींची संघटना स्थापन केली. वेल्स यांनाही मधुमेह होता, पण तो उतारवयात जडलेला आणि सौम्य. एकाच रोगाच्या नावाखाली दोन निराळी माणसे एकत्र आली होती. हा निराळेपणा प्रयोगाने दाखविण्याचे श्रेय हिम्सवर्थ यांच्याकडे जाते. काही रुग्ण इन्शुलिनला चटकन दाद देतात, काही देत नाहीत, हे त्यांनी १९३६ मध्ये सिद्ध केले. १९५१ साली बॉर्नस्टीन आणि स्वतः लॉरेन्स यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले : काही मधुमेहींच्या रक्तात इन्शुलिन आढळते आणि काहींच्या रक्तात मुळीच आढळत नाही.

एवढे कळूनही नावाचा घोळ मिटला नाही. १९७९ मध्ये 'इन्शुलिनवर अवलंबून असलेला' आणि 'नसलेला' अशी नावे रूढ झाली, म्हणजे रोगाचे नाव उपचारावरून पडले. ज्याला आज गोळ्या पुरतात तो एका रकान्यात. उद्या सुई लागली की त्याचे काय? शतक संपता संपता ही नावे सोडून, रोगाचे कारण पाहून 'पहिला प्रकार' आणि 'दुसरा प्रकार' ही नावे स्वीकारण्यात आली.

ते कारण १९७४ मध्ये लंडनमध्येच उजेडात आले होते. बोटाझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही मधुमेहींच्या रक्तात अशी प्रतिद्रव्ये सापडली की, ती आपल्याच स्वादुपिंडातील पेशींविरुद्ध उभी ठाकलेली होती. ज्या यंत्रणेने बाहेरच्या शत्रूशी लढावयाचे, तीच घरातल्यांवर उठते आणि इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश होतो. मुलांमध्ये हा नाश बहुधा झपाट्याने होतो. प्रौढांमध्ये तो अनेकदा संथ चालतो. पेशी शिल्लक असतात तोवर गोळ्यांनी निभावते आणि रोग दुसऱ्या प्रकारचाच भासतो. प्रौढांच्या या सुप्त रोगास १९९० नंतरच्या दशकात 'लाडा' हे संक्षिप्त नाव मिळाले. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका मोठ्या पाहणीत, दुसऱ्या प्रकारचे म्हणून नोंदलेल्या दर दहा रुग्णांपैकी सुमारे एकाच्या रक्तात ही प्रतिद्रव्ये आढळली.

तेव्हा आरंभीच्या गृहस्थाने स्वतःस दोष देण्याचे कारण नाही. त्याचे पथ्य खोटे नव्हते. ज्या पेशी उरल्याच नव्हत्या, त्यांच्याकडून गोळ्यांनी तरी काय काम करवून घ्यावे? ब्रिटनच्या तत्कालीन गृहमंत्री थेरेसा मे यांच्या वाट्यासही हाच अनुभव आला. २०१२ मध्ये त्यांना दुसऱ्या प्रकारचा मधुमेह सांगितला गेला. गोळ्या लागू पडेनात, तेव्हा पुढच्या वर्षी तो पहिल्या प्रकारचा असल्याचे ठरले. वय छप्पन्न. दिवसातून अनेकदा इन्शुलिन घेत त्या पुढे २०१६ ते २०१९ पर्यंत पंतप्रधानपदी राहिल्या.

आपल्या देशात हे निदान आणखी अवघड आहे, कारण येथे कृश दिसणाऱ्यासही दुसऱ्या प्रकारचा मधुमेह होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये आपले आणि एका इंग्रज सहकाऱ्याचे छायाचित्र प्रसिद्ध केले. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही सारखाच, २२.३, पण शरीरातील चरबी इंग्रजाची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! अंगकाठीवरून नाव ठेवण्याची जुनी सवय येथे किती फसवी ठरते, हे यावरून दिसेल. २०२० मध्ये याच रुग्णालयाने हैदराबादची पेशीय व रेणवीय जीवविज्ञान संस्था आणि इंग्लंडचे एक्झेटर विद्यापीठ यांच्यासह दाखवून दिले की, आनुवंशिक घटकांच्या मोजणीने भारतीय रुग्णांतही पहिला प्रकार ओळखण्यास मदत होते. नित्याच्या व्यवहारात प्रतिद्रव्यांची आणि सी-पेप्टाइडची तपासणी उपयोगी पडते. शरीर स्वतःचे इन्शुलिन किती करते, हे दुसऱ्या तपासणीवरून कळते. गोळ्या आणि पथ्य पाळूनही साखर आटोक्यात येत नसेल व वजन घटत असेल, तर या तपासण्यांविषयी आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे.

नवी सुई अंगवळणी पडावयास काही काळ लागतो, हे खरे. पहिल्या दिवशी पोटाशी सुई नेताना हात कापतो. पुढे जेवणाचा अंदाज घेऊन मात्रा ठरविणे जमू लागते. खिशात साखरेची पुडी ठेवावी, आणि दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, तर भिडेने गप्प न बसता ती तत्काळ तोंडात टाकावी. या खुणा घरच्यांनाही ठाऊक असाव्यात. कोणाच्याही सल्ल्यावरून सुई एकाएकी बंद करू नये; पहिल्या प्रकारात ते प्राणावर बेतते.

आणि घरच्यांना एक विनंती. 'चोरून खाल्लेस काय?' हा प्रश्न आता विचारू नये. त्याऐवजी पानावर बसताना 'आज सुई घेतलीस ना?' एवढे विचारावे.