थरथर : एका शब्दाचा आणि एका कारखान्याचा इतिहास

व्यवसायजन्य रोगांचा इतिहास बहुधा वैद्यकीय नोंदींतून आणि न्यायालयीन कागदपत्रांतून लिहिला जातो. रोगाला पहिले नाव मात्र पुष्कळदा कामगारच देतो. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या होपवेल या गावी १९७४-७५ साली घडलेले केपोन प्रकरण या दृष्टीने वाचले पाहिजे, असे आम्हांला वाटते.

केपोन, म्हणजेच क्लोरडेकोन, हे क्लोरीनयुक्त कीटकनाशक. अमेरिकेत ते मुंग्या-झुरळांच्या सापळ्यांत वापरले जाई. बराचसा माल निर्यात होई. त्याचे स्वामित्व अलाइड केमिकल या कंपनीकडे होते. मार्च १९७४ मध्ये त्याचे उत्पादन लाइफ सायन्स प्रॉडक्ट्स या छोट्या कंपनीकडे गेले. ती अलाइडच्याच दोन माजी कर्मचाऱ्यांनी काढलेली होती, आणि तिचा कारखाना एका जुन्या पेट्रोल पंपाच्या जागेत उभा होता. हवेत, यंत्रांवर, कपड्यांवर सर्वत्र केपोनची भुकटी असे.

काही आठवड्यांतच कामगारांचे हात कापू लागले. डोळ्यांची बुबुळे अनियंत्रित हलू लागली. वजन घटले, छातीत आणि सांध्यांत वेदना सुरू झाल्या. पुढे काहींच्या वीर्यातील शुक्रजंतूंची संख्याही कमी आढळली. कामगार आपसांत याला 'केपोन शेक्स' म्हणत, म्हणजे केपोनची थरथर. या दोन शब्दांत लक्षण आणि कारण दोन्ही सामावलेली होती. वैद्यकशास्त्राला जे निदान अजून करायचे होते, ते कामगारांच्या बोलीत आधीच होऊन गेले होते. काही डॉक्टरांनी मात्र हा मनावरील ताणाचा परिणाम ठरविला.

व्यवस्थेचे वाचन याहून उद्बोधक आहे. धोकादायक काम नाकारल्यामुळे नोकरी गमावलेल्या एका कामगाराने १९७४ मध्येच केंद्र सरकारच्या कामगार-सुरक्षा खात्याकडे तक्रार केली होती. खात्याने ती नोकरीवरून काढल्याची तक्रार म्हणून नोंदविली. कारखान्याची तपासणी झाली नाही. मजकूर तोच होता, पण तो चुकीच्या शीर्षकाखाली वाचला गेला. केपोनमुळे प्राण्यांना कंप सुटतो आणि त्यांच्या वृषणांची हानी होते, हे तर अलाइडने करविलेल्या प्रयोगांतून कितीतरी वर्षे आधी दिसले होते. ते ज्ञान भुकटीत राबणाऱ्या माणसापर्यंत पोहोचले नव्हते.

अखेर जुलै १९७५ मध्ये डॉ. यी-नान चौ यांनी एका कामगाराच्या रक्ताचा नमुना अटलांटा येथील रोगनियंत्रण केंद्राकडे पाठविला. त्यात केपोनचे प्रमाण प्रचंड निघाले. राज्याचे साथरोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट जॅक्सन यांनी कामगारांची तपासणी केली आणि त्याच महिन्यात कारखाना बंद पडला. पुढील पाहणीत १३३ कामगारांपैकी ७६ जण आजारी आढळले. कुटुंबीयांच्या रक्तातही केपोन सापडले. कामाच्या कपड्यांबरोबर ते घरी जात होते. कोलेस्टिरामिन या औषधाने ते शरीरातून लवकर बाहेर पडते, हे १९७८ मध्ये सिद्ध झाले, आणि बरेच कामगार सुधारले.

जेम्स नदीतील मासेमारीवर डिसेंबर १९७५ मध्ये निर्बंध आले. ते १९८८ पर्यंत टिकले. १९७६ मध्ये अलाइडला १ कोटी ३२ लाख डॉलरांहून अधिक दंड झाला. तो मुख्यतः जलप्रदूषणाबद्दल होता. माणसांच्या देहांत साचलेल्या विषापेक्षा नदीत गेलेले विष कायद्याला अधिक सहज वाचता आले, ही गोष्ट विसरता येत नाही.

होपवेलमध्ये उत्पादन थांबले, तरी क्लोरडेकोनचा प्रवास थांबला नाही. फ्रान्सच्या ताब्यातील मार्टिनिक आणि ग्वाडलूप या बेटांवर केळीच्या बागांत ते १९९३ पर्यंत वापरले गेले. तेथील माती आजही दूषित आहे आणि बहुसंख्य प्रौढांच्या रक्तात त्याचा अंश आढळतो. २००९ मध्ये स्टॉकहोम कराराने या रसायनावर जागतिक बंदी आणली. कीटकनाशकांमुळे होणारा पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग फ्रान्सने व्यवसायजन्य रोग म्हणून मान्य केला, तो डिसेंबर २०२१ मध्ये.

कीटकनाशकाचा कारखाना म्हटले की आपल्याला १९८४ मधील भोपाळची ती एक रात्र आठवते. होपवेलचे विष रोजच्या पाळीत, पगाराबरोबर, मुकाट्याने शरीरात उतरत होते. अशा संथ घातपाताला तारीख नसते, म्हणून त्याचा इतिहास लिहिणे अवघड जाते. त्याचे पहिले साधन म्हणजे राबणाऱ्यांची बोली. अभ्यासकाने अभिलेखागाराइतकेच तिकडेही कान द्यावेत, एवढेच आमचे म्हणणे आहे.