डाव्या हाताचा डाव

प्लायवूडला एकदा भोक पाडले की ते परत घेता येत नाही. अनुवादाच्या मसुद्यात शब्द खोडून दुसरा लिहिता येतो, फळीवर ती सोय नसते. त्यामुळे गेल्या दिवाळीत, बंगळुरूच्या आमच्या घराच्या गॅलरीत, सुतार कानाला पेन्सिल लावून उभा होता आणि भोके कुठे पाडायची हे आम्हाला ठरवता येत नव्हते.

माझा तेरा वर्षांचा भाचा आणि मी मिळून व्हिडिओ गेम पार्लरमध्ये असायची तशी उभी पेटी घरीच बांधत होतो. जुना मॉनिटर होता, छोटा संगणक होता. जुन्या यंत्रांची नक्कल करणारी मेम नावाची आज्ञावली त्यावर चढवलेली होती. निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने १९९७ च्या फेब्रुवारीत ती पहिल्यांदा खुली केली. सुरुवात पॅक-मॅनच्या यंत्रापासून झाली आणि आज तिच्यात हजारो खेळ आहेत. मूळ यंत्रातली चिप जे करायची तेच ती करते. खेळणाऱ्याच्या हाताखाली काय होते, हे मात्र तिच्यात साठवता येत नाही. ते ज्याचे त्याने फळीवर ठरवायचे असते.

भाच्याला एक दांडी आणि आठ बटणे हवी होती. मला दांडी हवी होती, बटण एकही नको होते. "मावशी, बटणांशिवाय खेळायचं काय?" असे त्याने विचारले. त्याला उत्तर द्यायचे तर थोडा इतिहास सांगावा लागणार होता.

नाणे टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमचे पहिले मोठे उत्पादन १९७१ साली अमेरिकेत झाले. 'कॉम्प्युटर स्पेस' हे त्याचे नाव. यान डावीकडे फिरवायला एक बटण, उजवीकडे फिरवायला दुसरे, पुढे रेटायला तिसरे, गोळी झाडायला चौथे. अवकाशात वस्तू कशा सरकतात हे ठाऊक असलेल्या इंजिनिअरांना तो खेळ आवडला. दमून भागून संध्याकाळी बारमध्ये आलेल्या माणसाला त्यातले काही उमजेना. पुढच्या वर्षी त्याच नोलन बुशनेलच्या अटारी कंपनीत ॲलन अल्कॉर्नने 'पाँग' तयार केला. त्यात प्रत्येक खेळाडूला एकच गोल खुंटी होती, रेडिओचा आवाज कमी-जास्त करतो तशी फिरवायची. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावच्या एका बारमध्ये त्याचा नमुना ठेवला आणि काही दिवसांत यंत्र बंद पडले. कारण काय, तर नाण्यांचा डबा भरून वाहत होता. लोकांच्या हाताला जे आधीपासून येत होते, तेच त्या खुंटीने मागितले होते.

पुढची दहा वर्षे म्हणजे हाताकडून काय काय करून घेता येते याची चाचपणी होती. १९७९ च्या 'ॲस्टेरॉइड्स'मध्ये पाच बटणे होती, दांडी नव्हतीच. १९८० च्या 'मिसाइल कमांड'मध्ये तळव्याने फिरवायचा गोळा, म्हणजे ट्रॅकबॉल, आला. या गोळ्याचे घराणे लष्करी. १९५२ च्या सुमारास कॅनडाच्या नौदलासाठी रडारच्या पडद्यावरचा ठिपका हलवायला असा गोळा तयार झाला, तेव्हा त्यासाठी चक्क बोलिंग खेळायचा छोटा चेंडू वापरला होता. शहरांवर पडणारी क्षेपणास्त्रे अडवायच्या खेळात तोच गोळा पुन्हा यावा, यात एक विचित्र प्रामाणिकपणा आहे. खुद्द दांडीसुद्धा विमानातून आलेली. लढाऊ वैमानिकाच्या मुठीतली वस्तू पार्लरमधल्या पोरांच्या हाती आली.

मग १९८० मध्ये जपानच्या नामको कंपनीत तोरू इवातानी यांनी 'पॅक-मॅन' केला. फळीच्या मधोमध एक दांडी आणि खेळायला बटण एकही नाही. वर, खाली, डावे, उजवे, बस. दांडी मधोमध असल्यामुळे ती कोणत्याही हाताने धरता येई. बहुतेक जण उजव्या हाताने धरत, आणि रिकामा डावा हात टेकायला जागा शोधत पेटीच्या डाव्या कडेवर जाई. म्हणून या खेळाच्या जुन्या अमेरिकन पेट्या पाहिल्या तर डाव्या बाजूचा रंग हाताच्या उंचीवर घासून गेलेला दिसतो. तो कोणत्याही चिपमध्ये नोंदलेला नाही.

हे सगळे मी एवढे जीव लावून का सांगत होते? माझे बालपण वडोदऱ्यात गेले. नव्वदच्या आसपास मामेभाऊ मला घराजवळच्या पार्लरमध्ये नेत असे. पोरांच्या गर्दीत मी एकटी मुलगी, त्यात डावखुरी. घरी जेवताना चमचा डाव्या हातात दिसला की आई काही न बोलता तो काढून उजव्या हातात देई. शाळेत पेन्सिलीचे तेच. आपली भाषाही या बाबतीत तटस्थ नाही. जो सरस तो उजवा ठरतो, आणि पंगतीत डावे-उजवे केले की माणसे दुखावतात. पार्लरमधल्या त्या मधल्या दांडीने मात्र मला कोणता हात, असे कधी विचारले नाही.

थोड्याच दिवसांत तिथे मारामारीचे खेळ आले आणि दांडी डावीकडे सरकली. हा बदल टप्प्याटप्प्याने झाला होता. १९८१ च्या 'डाँकी काँग'मध्ये दांडी डावीकडे आणि उडी मारायचे बटण उजवीकडे होते. 'डिफेंडर'मध्ये डाव्या हाताला वर-खाली करायची दांडी आणि जोडीला पाच बटणे. १९८२ मध्ये निन्टेंडोच्या गुनपेई योकोई यांनी हातातल्या छोट्या खेळासाठी अधिकचिन्हासारखी कळ डाव्या अंगठ्याखाली दिली आणि घरोघरच्या मुलांचे डावे अंगठे दिशा शिकले. १९८७ च्या 'स्ट्रीट फायटर'च्या एका पेटीत रबराच्या दोन गाद्या होत्या. जितक्या जोरात हाणाल तितका ठोसा जोरदार. माणसे दमत, गाद्या बिघडत. म्हणून त्या जागी सहा बटणे आली: ठोशाची तीन, लाथेची तीन, हलकी, मध्यम, जोरदार. हाताच्या जोराचे तीन शब्दांत भाषांतर झाले. १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर २'ने हीच मांडणी जगभर रूढ केली. आमच्या पार्लरमध्ये पहिले काही आठवडे मी पोरांना हरवत होते, कारण त्यांचे डावे हात अजून कच्चे होते. मग तेही तयार झाले आणि माझा मान गेला.

भाच्याने हे ऐकले आणि म्हणाला, "म्हणजे दांडी डावीकडेच हवी. तुलाही, मलाही." तो उजखोरा असला तरी त्याचा डावा अंगठा योकोईंच्या शाळेत शिकलेला. तर्क बिनतोड होता.

दांडी कोणती घ्यायची, यावरही दोन मते होती. जपानी पद्धतीची दांडी हलकी, माथ्यावर ३५ मिलिमीटरचा गोळा, बोटांत अलगद धरायची. तिच्याबरोबरची बटणे ३० मिलिमीटरची, हात ठेवताच दबणारी. अमेरिकन दांडीचा माथा लांबट, स्प्रिंग कडक, ती मुठीत आवळायची. तिथे खेळाडू उभा असतो आणि फळी जाड लाकडाची. जपानी पार्लरमध्ये तो स्टुलावर बसतो आणि फळी पत्र्याची. तेव्हा सामान निवडताना आपण शरीर कसे ठेवणार, हेही निवडत असतो. शिवाय दांडीच्या बुडाशी एक चौकट असते. ती आठ दिशांची ठेवली तर दांडी तिरकी जाते, दोन स्विच एकदम दबतात, आणि चारच दिशा जाणणारा पॅक-मॅन ऐन कोपऱ्यावर वळायचा राहून भुताच्या तोंडी जातो. चार दिशांची ठेवली तर मारामारीचे डावपेच जमत नाहीत. एकाच फळीवर सगळे खेळ हवेत म्हणणे, म्हणजे एकाच शैलीत सगळे लेखक अनुवादित करण्यासारखे. तसे करणारे असतात. वाचताना कळते.

शेवटी पुठ्ठ्याची फळी कापली आणि भाच्याच्या मापाने दांडी डावीकडे अडकवून पाहिली. आई शेजारी वाटाणे सोलत होती. तिचे वय बहात्तर. "मला पण दाखवा की," म्हणून आली. भाच्याने पॅक-मॅन लावला. तिने डावा हात दांडीवर ठेवला. पिवळा गोळा भिंतीला धडकून तिथेच थांबला. दुसऱ्यांदाही तेच. मग तिने नकळत उजवा हात छातीवरून आडवा नेऊन दांडी धरली. कोपर सगळ्या बटणांवर आला.

भाचा म्हणाला, "आजी, असं नाही. डाव्या हातानं." आणि त्याने तिचा उजवा हात हलकेच काढून डावा तिथे ठेवला.

आईने माझ्याकडे पाहिले. चमच्याचे तिला आठवले की नाही, मी विचारले नाही. ती एवढेच म्हणाली, "या वयात कुठं जमायचं आता."

मी सुताराला दोन फळ्या करायला सांगितल्या. दोन्ही खालून चार बोल्टने बसतात, बदलायला पाच मिनिटे लागतात. भाच्याच्या फळीवर आठ दिशांची दांडी डावीकडे आणि आठ बटणे. दुसरीवर चार दिशांची एकच दांडी, बरोबर मधोमध. खर्च वाढला, वायरिंग दोनदा करावे लागले. भाच्याने कुरकुर केली, पण दोन्हींची जोडणी त्यानेच केली.

संध्याकाळी दिवे लागले की आई मधली फळी लावायला सांगते. उजव्या हाताने दांडी धरते आणि डावा हात पेटीच्या कडेवर टेकते. हे तिला कोणी शिकवलेले नाही. परवा भाच्याने विचारले, तिथला रंग जाईल, आत्ताच सनमायकाची पट्टी मारून घेऊ का? मी म्हटले, राहू दे.