बालिगा : एक आडनाव, अनेक कार्यक्षेत्रे

बंगळूरुच्या आग्नेयेस, होसूर मार्गावर वसलेली इलेक्ट्रॉनिक सिटी आणि वातानुकूलन यंत्रांपासून रेल्वे इंजिनांपर्यंत वापरला जाणारा 'आयजीबीटी' हा अर्धवाहक घटक, या दोहोंशी बालिगा हे आडनाव निगडित आहे. दोन्ही कार्ये इलेक्ट्रॉनिक्स क्षेत्रातील असली, तरी ती दोन भिन्न व्यक्तींची आहेत. हे आडनाव मुख्यत्वे किनारी कर्नाटकातील कोकणी भाषक गौड सारस्वत समाजात आढळते.

आर. के. बालिगा : कर्नाटक शासनाच्या 'किऑनिक्स' या इलेक्ट्रॉनिक्स विकास महामंडळाची स्थापना १९७६ मध्ये झाली. महामंडळाचे प्रमुख या नात्याने बालिगा यांनी इलेक्ट्रॉनिक सिटीची संकल्पना मांडली. १९७८ मध्ये कोनप्पन अग्रहार व दोड्डतोगूर या गावांतील सुमारे ३३० एकर जमिनीवर या वसाहतीची पायाभरणी झाली. १९८८ मध्ये त्यांचे निधन झाले. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर वसाहतीची झालेली भरभराट त्यांना पाहता आली नाही. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या इन्फोसिसचे मुख्यालय आज येथेच आहे.

बी. जयंत बालिगा : जन्म १९४८, मद्रास. बालपण बंगळूरुच्या जलहळ्ळी भागात गेले. मद्रास आयआयटीतून १९६९ मध्ये पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत असताना त्यांनी आयजीबीटी विकसित केला. वीजप्रवाहाचे नियंत्रण अल्प ऊर्जाव्ययात करणे, हे या घटकाचे कार्य होय. विद्युत वाहने, पवनऊर्जा व सौरऊर्जा प्रकल्पांतही त्याचा उपयोग होतो. २०२४ मध्ये त्यांना फिनलंडचा मिलेनियम तंत्रज्ञान पुरस्कार मिळाला.

डॉ. ए. व्ही. बालिगा (१९०४-१९६४) : मुंबईतील नामवंत शल्यविशारद. भारत-सोव्हिएत सांस्कृतिक संघाचे ते अध्यक्ष होते.

बी. एस. बालिगा : मद्रास येथील शासकीय अभिलेखागाराचे अभिरक्षक व इतिहासकार. मराठ्यांची राजधानी राहिलेल्या तंजावरच्या जिल्ह्याचे १९५७ मधील गॅझेटियर त्यांच्या नावावर आहे.

स्थळे : उत्तर कन्नड जिल्ह्यातील कुमठा येथील महाविद्यालय आणि उडुपी येथील स्मृती रुग्णालय ही दोन्ही डॉ. ए. व्ही. बालिगा यांच्या नावाने ओळखली जातात. कुमठा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते.

इलेक्ट्रॉनिक सिटीतून जाणारी बंगळूरु मेट्रोची पिवळी मार्गिका ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली. तिच्यावरील काही स्थानकांच्या नावांत इन्फोसिस फाउंडेशन, बायोकॉन व डेल्टा इलेक्ट्रॉनिक्स यांचा उल्लेख आहे. वसाहतीची संकल्पना मांडणाऱ्या बालिगा यांचे नाव मात्र १६ पैकी एकाही स्थानकास नाही.