पिल्लांचं ब्रूडर बदलताना घाई नको. एका वेळी एकच बदल करा

सोलापूर : परसातल्या कुक्कुटपालनासाठी गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया अशा जातींची एक दिवसाची पिल्लं अनेक जण आणतात. पहिले चार दिवस सगळं नीट चालतं. मग गोल मोठा करताना, बल्ब काढताना किंवा पिल्लं दुसऱ्या खोलीत हलवताना एका रात्रीत मरतूक होते. बऱ्याचदा कारण रोग नसतो. अचानक झालेल्या बदलाने पिल्लं घाबरून कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात.

ऊब किती, कधी कमी करायची?

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर साधारण 35 अंश सेल्सिअस तापमान लागतं. नंतर दर आठवड्याला 3 अंश कमी करावं: दुसऱ्या आठवड्यात 32, तिसऱ्यात 29, चौथ्यात 26. त्यासाठी बल्ब एकदम बंद न करता दोन-तीन इंच वर उचलावा.

सोलापूर भागात उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी चाळीस अंशांच्या वर उकाडा असतो. तेव्हा दिवसा बल्ब बंद ठेवावा, पहाटे गार वाटलं तर लावावा. हिवाळ्यात उलट; दिवसा ऊन, रात्री थंडी. म्हणून तारखेपेक्षा पिल्लांकडं बघून ठरवावं.

पिल्लं काय सांगतात?

- बल्बखाली गोळा होऊन जोरात चिवचिवाट : थंडी वाजते.
- बल्बपासून लांब, चोच उघडी, पंख पसरलेले : उकाडा होतोय.
- सगळी एकाच बाजूला : वाऱ्याची झुळूक लागते.
- सगळीकडं पसरून खाणं-पिणं चालू : तापमान बरोबर.

जागा वाढवताना

पत्र्याचा किंवा पुठ्ठ्याचा गोल (चिक गार्ड) तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून थोडा थोडा मोठा करावा आणि सात ते दहा दिवसांत काढावा. चौकोनी खोली असेल तर कोपरे पुठ्ठा लावून गोल करावेत. ढीग कोपऱ्यातच होतो. हलवायचं असेल तर सकाळी हलवावं, म्हणजे अंधार पडेपर्यंत पिल्लांना खाद्य, पाणी आणि उबेची जागा सापडते. नवी जागा आधी दोन-तीन तास गरम करून ठेवावी. पहिल्या रात्री झोपण्याआधी एक फेरी मारावी. ढीग दिसला तर हातानं हळूच पांगवावा.

भांडी, खाद्य, तूस

नवं पाण्याचं भांडं ठेवलं की जुनं लगेच उचलू नये. दोन-तीन दिवस दोन्ही शेजारी ठेवावीत. चार-पाच पिल्लांची चोच नव्या पाण्यात हलकेच बुडवली की बाकीची बघून शिकतात. खाद्य बदलताना जुन्यात नवं मिसळत चार-पाच दिवसांत पूर्ण बदलावं. पहिले तीन दिवस तुसावर कागद अंथरलेला असतो, कारण पिल्लं भुसाच खाऊ लागतात. तो कागदही एकदम न काढता अर्धा अर्धा काढावा. ओलं तूस मात्र लगेच बदलावं. ओलीत रक्ती हगवण पसरते.

लाईट गेली तर?

वस्तीवर लाईट कधी जाईल सांगता येत नाही. रात्रभर उजेडाची सवय लागलेली पिल्लं अचानक अंधार झाला की बिथरतात. म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रात्री अर्धा-एक तास, आपण जवळ असताना, बल्ब बंद करून अंधाराची सवय लावावी. थंडीच्या दिवसांत एवढ्या वेळात गारवा लागत नाही ना, हे बघावं. लाईट गेल्यावर गोलावर अर्ध्या भागात बारदान टाकावं आणि गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून ठेवाव्यात. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवू नये. तिचा धूर-वायू पिल्लांना आणि माणसांनाही जीवघेणा ठरतो.

लसीच्या दिवशी बदल नाही

पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा आणि चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो लस देतात. लसीचा ताण असतोच. त्यामुळे आदल्या आणि दुसऱ्या दिवशीही जागा, खाद्य किंवा बल्ब बदलू नये.

बदलानंतर एक दिवस पिल्लं थोडी बावरतात, ते साहजिक आहे. पण दुसऱ्या दिवशीही खात नसतील, विष्ठेत रक्त दिसलं किंवा मरतूक चालूच राहिली तर वाट न बघता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावं किंवा 1962 या टोल फ्री क्रमांकावर फोन करावा.