ईश्वरज्ञानाच्या मर्यादा (ख्रिस्ती मत)

ईश्वराचे अस्तित्व मानवी बुद्धीला जाणता येते. परंतु त्याचे स्वरूप तिला पूर्णपणे आकळत नाही, असे प्रतिपादणारा ख्रिस्ती धर्मशास्त्रातील सिद्धांत. ईश्वराने स्वतः प्रकट केलेले ज्ञान सत्य असले, तरी मानवाला होणारे त्याचे आकलन अपुरेच राहते. अज्ञेयवाद ईश्वराच्या अस्तित्वाविषयीच निर्णय देत नाही. त्यामुळे तो या सिद्धांताहून भिन्न होय.

सांप्रतचे ज्ञान आरशातील अंधुक प्रतिबिंबासारखे आहे, असे संत पॉलने म्हटले आहे. चौथ्या शतकात यूनोमिअसने ईश्वराचे सारतत्त्व मानवाला पूर्णपणे कळू शकते, असे मत मांडले. संत बेझिल व निसाचा ग्रेगरी यांनी त्याचे खंडन केले. लॅटरनच्या चौथ्या धर्मपरिषदेने (१२१५) निर्माता व निर्मिती यांतील साम्यापेक्षा भेदच मोठा असतो, असे ठरविले. टॉमस अक्वाय्नसच्या (सु. १२२५–७४) मते ‘चांगला’, ‘ज्ञानी’ ही विशेषणे ईश्वराला केवळ सादृश्याने लागू पडतात, माणसाला ती ज्या अर्थाने लागतात, नेमक्या त्याच अर्थाने नव्हे.

मराठीत हा प्रश्न प्रथम शब्दयोजनेचा प्रश्न म्हणून पुढे आला. इंग्रज जेझुइट फादर टॉमस स्टीफन्स (सु. १५४९–१६१९) हे १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर (राचोल) येथे छापले गेले. त्यात श्रोत्यांच्या शंका व पाद्रीची उत्तरे अशी रचना आहे. ईश्वरासाठी ‘परमेश्वर’ व स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हे रूढ शब्द त्यांनी स्वीकारले. पवित्र आत्म्यासाठी मात्र लॅटिन-पोर्तुगीज वळणाचे नाव कायम ठेवले. रूढ शब्दाने अर्थ जवळ येतो, पण त्याबरोबर त्याचे जुने संदर्भही येतात. परका शब्द अशा संदर्भांपासून मुक्त असतो, पण श्रोत्याला तो मुळातून शिकवावा लागतो.

नीलकंठशास्त्री (नेहेम्या) गोऱ्हे (१८२५–९५) यांनी षड्‌दर्शनदर्पण (१८६०) या हिंदी ग्रंथात या प्रश्नाची दुसरी बाजू मांडली. वेदान्तातील निर्गुण ब्रह्माला ज्ञातृत्व नसल्याने ते शून्यवत् ठरते, असा त्यांचा आक्षेप होता. अद्वैतमताला तो मान्य होणारा नाही. कारण त्या मताप्रमाणे ब्रह्म स्वतःच ज्ञानस्वरूप आहे. तथापि या वादावरून ख्रिस्ती भूमिका स्पष्ट होते : ईश्वर बुद्धीच्या पलीकडे असला, तरी तो गुणरहित नाही, तो जाणतो व प्रेम करतो.

गोव्याच्या सीमेवरील सावंतवाडी परिसरातील कॅथलिक समाजाचे गोव्याशी जुने संबंध आहेत. २००५ मध्ये पुणे धर्मप्रांताचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग धर्मप्रांत स्थापन झाला. त्याचे पीठ सावंतवाडी येथे आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) उपासनेत लोकभाषांना स्थान मिळाले. मराठी प्रार्थनांत आता ‘पवित्र आत्मा’ हा शब्द रूढ आहे. मात्र ‘आत्मा’ या शब्दालाही भारतीय दर्शनांतील अर्थाची दीर्घ परंपरा असल्याने स्टीफन्स यांच्यापुढील प्रश्न पूर्णपणे सुटलेला नाही.