सोमवारचा दम

आमची आजी सोमवारी रात्री भात कमी लावायची. लालबागच्या चाळीत तिची खानावळ होती, आणि जेवणारे बहुतेक आमच्याच मालवण-कणकवलीकडचे गिरणीवाले. इतर वारी पातेलं तळापर्यंत खरवडलं जाई, सोमवारी मात्र उरे. साचेखात्यातली, म्हणजे विणकामाकडची, माणसं नेहमीसारखी जेवत. कापूस पिंजणाऱ्या कार्डखात्यातली आणि गाठी फोडणाऱ्या ब्लोरूममधली दोन घास खाऊन ताट सरकवत आणि भिंतीला पाठ लावून बसत. मंगळवारी जरा बरं, गुरुवारपर्यंत पुन्हा पूर्वीसारखी भूक. आजीचं निदान पक्कं होतं : "आयतवारची मासळी नि आयतवारचो गुत्तो, दुसरा काय!"

गिरणीतल्या साहेबाचं मतही यापेक्षा वेगळं नव्हतं. आजोबा सांगत, सोमवारी कुणी छाती आवळल्याची तक्रार केली की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, हसून विचारायचा, काल कुठं बसला होतास? दुपारी गुळाचा खडा मिळाला तर मिळाला. गुळाने घशातला कापूस खाली उतरतो अशी सगळ्यांचीच समजूत होती. सगळा दोष बिचाऱ्या रविवारच्या माथी.

आता ठाऊक आहे की दोष रविवारचा नव्हताच, रविवार उलट साक्षीदार होता. कापसाच्या गाठी फोडताना आणि पिंजताना उडणाऱ्या धुळीत बोंडाचा पाला-कचरा असतो, जंतूंचे विषारी अंश असतात. ते रोज छातीत जात राहिले की शरीर काही प्रमाणात निमूट होतं. एक दिवस सुट्टी मिळाली की ते निमूटपण उतरतं, आणि सोमवारी खात्यात शिरल्यावर काही तासांतच छाती आवळते. आधी फक्त सोमवारी, काही वर्षांनी मंगळवारीही, शेवटी सातही वार. या रोगाचं नाव बिसिनोसिस. इंग्लंडात लँकेशरच्या कामगारांमध्ये रिचर्ड शिलिंग या डॉक्टरने 1950 च्या दशकात त्याच्या पायऱ्या ठरवल्या, त्या मुख्यतः एकाच प्रश्नावर : त्रास कुठल्या वारी होतो? भाताचं माप बदलणाऱ्या आमच्या आजीकडे या प्रश्नाचं उत्तर आधीपासून होतं. तिला तो प्रश्न कुणी विचारला नाही, एवढंच.

हा रविवार मुंबईच्या गिरणीकामगाराला आयता मिळालेला नव्हता. 1884 च्या सप्टेंबरात परळच्या सुपारीबागेत नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांची सभा भरवली. लोखंडे जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक, आणि एके काळी स्वतः गिरणीत भांडारावर काम केलेले. पाच हजारांवर कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारच्या फॅक्टरी कमिशनपुढे गेला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, या मागण्या शाळेच्या पुस्तकातही सापडतात. पाचवी सहसा गळते. कामावर जखमी झालेल्याला बरं होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा, आणि जन्माचं अपंगत्व आलं तर त्याच्या पोटापाण्याची सोय करावी, अशी ती होती. तीन वर्षांपूर्वी, 1881 मध्ये, आलेल्या कारखाना कायद्याने धोक्याच्या यंत्रांना कुंपण घाला म्हटलं होतं. कुंपणातून हात गेलाच तर पुढे काय, हे त्याने सांगितलं नव्हतं. ते या माणसांनी विचारलं.

रविवार 1890 च्या जूनमध्ये मिळाला. 1897 मध्ये लोखंडे प्लेगने गेले. पाचव्या मागणीला कायद्याचं रूप यायला 1923 साल उजाडलं, आणि तो कामगार नुकसानभरपाई कायदा लागू झाला जुलै 1924 मध्ये. म्हणजे मागणीपासून चाळीस वर्षं. तेवढ्या काळात एक अख्खी पिढी पट्ट्यात सापडून, चाकात अडकून, बोटं गमावून गावी परतली. आमच्या वाडीतही अशी माणसं होती म्हणे. "मुंबैक हात ठेवून इलो" अशीच त्यांची ओळख सांगत.

कायद्याने प्रत्येक अवयवाचा दर ठरवला. दर पुढे बदलत गेले, पण पद्धत तीच राहिली. आजच्या परिशिष्टात अंगठ्याला 30 टक्के, तर्जनीला 14, मधल्या बोटाला 12, अनामिकेला किंवा करंगळीला 7. हे टक्के कमाईची ताकद किती गेली याचे. ऐकायला क्रूर वाटतं, पण या तक्त्याची मी थट्टा करणार नाही. त्याच्याआधी बोटाचा दर शून्य होता.

आजोबांच्या खात्यातली एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत. शेजारच्या साच्यावरून धोटा, म्हणजे आडवं सूत इकडून तिकडे नेणारा लाकडी तुकडा, उसळला आणि एका विणकराच्या डोळ्यावर बसला. खात्याच्या कारकुनाने लिहून ठेवलं की गडी नीट बघत नव्हता. लाल बावट्याच्या युनियनचा कार्यकर्ता पाळी सुटल्यावर त्या साच्यापाशी गेला आणि धोटा अडवणारी जाळी तुटून किती दिवस झाले, हे आसपासच्या चौघांना विचारून आला. खरी कामगिरी ती होती. भाषण नाही, मोर्चा नाही. साक्षीदार हातचे निसटायच्या आत त्यांची नावं लिहून घेणं. पुढे नुकसानभरपाईच्या कमिशनरपुढे ते चौघे उभे राहिले. त्यात एक बदलीवाला होता, कायम नसलेला. त्याला दुसऱ्या दिवसापासून काम मिळेनासं झालं. आजोबा गोष्ट इथेच थांबवत. भरपाई किती मिळाली हे आम्ही विचारायचो, आणि ते त्या बदलीवाल्याचंच सांगत बसायचे.

धोट्याचा दुसरा धोका जाळीने अडत नव्हता. धोट्यातली सुताची कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढायला तोंड लावून श्वास ओढायचा. दिवसपाळीवाल्याचा धोटा रातपाळीवाला तोंडाला लावी. क्षयाला याहून सोपी वाट कुठली? पण गिरणीत या तोंड लावण्याचा विटाळ मानला गेला, रोग नव्हे. चांगल्या पगाराच्या साचेखात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता तो याच कारणाने. 1928 च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक ठेवला. आजोबा स्वतः साचेखात्यातले. या विषयावर ते फारसं बोलत नसत, आणि मला वाटतं त्या गप्प बसण्यात त्यांच्या खात्याचा सगळा इतिहास आहे. हाताने सूत ओवता येईल असा धोटा सगळीकडे आला असता तर एका लाकडाच्या तुकड्याने दोन दुखणी हटली असती. तशी मागणी करायला मात्र आधी एकमेकांच्या शेजारी उभं राहावं लागतं.

व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना याच आंबेडकरांच्या काळात कामगारांच्या आरोग्यविम्याचा पाया घातला गेला. त्यावरचा अडारकरांचा अहवाल 1944 चा, कायदा 1948 चा, आणि 1952 मध्ये कानपूर-दिल्लीत सुरू झालेली योजना मग मुंबईत आली. चाळीत 'सिकवर असणं', म्हणजे आजारपणाच्या रजेवर असणं, हा शब्दप्रयोग तेव्हापासूनचा.

माझे अण्णाकाका कार्डखात्यात होते. त्यांना चिठ्ठी मिळे, खोकल्याचं औषध मिळे, "विडी सोडा" हा सल्ला मिळे. फोटो काढला की छाती स्वच्छ, कारण बिसिनोसिसची खूण क्ष-किरणात उमटत नाही. तुटलेलं बोट कारकुनालाही दिसतं. श्वास दिसायला मोजावा लागतो, तोही सोमवारी, पाळीच्या आधी आणि नंतर. आणि युनियन? 18 जानेवारी 1982 ला अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले तेव्हा पुढारी दत्ता सामंत खुद्द डॉक्टर होते, घाटकोपरच्या खाणकामगारांना तपासता तपासता चळवळीत आलेले. तरी संपाच्या मुख्य मागण्या पगारवाढीच्या, बदलीवाल्यांना कायम करण्याच्या. धूळ त्यांत पुढे नव्हती. यात मी सामंतांना एकट्यांना धरत नाही. माझ्या काकांनीही धुळीवरून कधी हात वर केला नसता. धूळ कमी करा म्हटलं तर खातंच बंद करतील, ही भीती.

काकांची गिरणी संपातून कशीबशी तगली. 1990 च्या दशकात मुंबईतल्या ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी सेंटरसारख्या गटांत काही डॉक्टर आणि कामगार कार्यकर्ते एकत्र येऊन हे काम करू लागले होते. तशाच कुणीतरी भरवलेल्या शिबिरात काका गेले. नळीत फुंकायला लावलं, आणि एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, त्रास जास्त कुठल्या वारी होतो?" काका म्हणाले, "ह्यां माझ्या आईक विचारा." पुढे खेपा, कागद, पुन्हा फुंकणं, विम्याच्या बोर्डापुढे हजेरी. बरोबर युनियनचा एक निवृत्त जॉबर असे, मांडीवर फाईल घेऊन. बोर्डाने पंधरा टक्के ठरवले. कागद घेऊन काका जिन्यातच थांबले, दम घेतला, मग जॉबरने तो बोटांचा तक्ता उघडून दाखवला. काकांनी बोट फिरवत हिशेब केला : "म्हणजे माझी छाती दोन करंगळ्यो नि वर नखभर!" जॉबर म्हणाला, अपील करूया. काका म्हणाले, करूया, पण सोमवारची तारीख नको.